माझ्या आडनावातला ळ

आमचं आडनाव मंगळवेढेकर. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, दामाजीपंतांचं गाव, चोखोबांचं गाव. माझे पणजोबा तिथून सोलापूरला जुन्या गिरणीत कामाला आले ते एक ट्रंक, एक तांब्या आणि गावाचं नाव घेऊन. आता गावाचंच नाव लावायचं, तर जिल्ह्यात बार्शी होती, सांगोला होता, करमाळा होता. बार्शीकर किती सुटसुटीत! पण आपल्या पणतीला हे आडनाव एक दिवस जपानमधल्या बँकेच्या फॉर्मवर चौकोनाचौकोनांत कोंबावं लागणार आहे, हे पणजोबांना कुणी सांगायचं?

परदेशी शिकायला निघालं की लोक आधी जेवणाची काळजी करतात. मला ती नव्हती. अडीच किलो शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांची चळत बॅगेत असलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही उपाशी मरत नाही. थंडीची भीती आईला होती. तिने दोन चादरी भरल्या आणि विषय संपवला. मला बाधलं ते नाव.

सुरुवात घरीच झाली. मी वस्त्रतंत्रज्ञान शिकले. सोलापुरात टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर खेळत वाढलेल्या मुलीने दुसरं काय शिकायचं? पुढच्या शिक्षणासाठी नागानोकडच्या एका विद्यापीठात अर्ज केला. 1998 चं हिवाळी ऑलिंपिक झालं तोच हा डोंगराळ भाग, एके काळी रेशमाच्या किड्यांवर जगलेला. तिथून फार सभ्य ईमेल आली. आपण पाठवलेल्या कागदपत्रांवरून त्या किती व्यक्ती आहेत हे समजू शकलं नाही, कृपया खुलासा करावा.

त्यांचं चुकलं नव्हतं. दहावीच्या सर्टिफिकेटावर मी 'मंगळवेढेकर शलाका सिद्धेश्वर', म्हणजे आधी घराणं, मग मी, मग बाबा. पदवीवर शेवटी आईही येऊन बसलेली, म्हणजे अख्खं घर पदवीधर. पासपोर्टवर आडनावाला स्वतंत्र खोली आणि मी न् बाबा दुसऱ्या खोलीत एकत्र. त्यात इंग्रजी स्पेलिंग. 'वेढे'मधला व सगळीकडे व्ही आणि एकट्या बारावीच्या मार्कशीटवर डब्ल्यू. तो फॉर्म माझा मीच भरला होता, त्यामुळे दोष द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बाबांनी तरी आईकडे पाहून घेतलं.

"अॅफिडेव्हिट करू," बाबा म्हणाले. बाबांचा अॅफिडेव्हिटवर जितका विश्वास आहे तितका डॉक्टरवरही नाही.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक टेबल. त्यावर लॅमिनेशन केलेला गणपती, कॉम्प्युटर, धूळ बसू नये म्हणून प्रिंटरवर टॉवेल. टायपिस्टने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"मंगळवेढेकर."

"व्ही का डब्ल्यू?"

"त्याच्यासाठीच आलोय."

त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, टॉवेल काढला आणि सुरू झाला. 'व्ही असलेली आणि डब्ल्यू असलेली व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' तो वाचत होता, टायपत होता, मध्येच चहावाल्याला "दोन कट" सांगत होता. आपण आपणच आहोत अशी शपथ घ्यायची वेळ आली की उगाच शंका यायला लागते. मी सही करणार तेवढ्यात लक्षात आलं की 'ढ'मधला एच गळालाय. म्हणजे आता दोन नव्हे, तीन मंगळवेढेकर झाले.

"हे तिसरं पण मीच आहे असं घाला," बाबा म्हणाले.

"ते दुसरं अॅफिडेव्हिट होतंय. त्याचे वेगळे पैसे."

बाबांनी दिले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तोवर गल्लीत बातमी पोचली होती. समोरच्या काकूंनी दारातच धरलं, "काय गं, जपानला जालालीस म्हणे? काय करलालीस तिथं जाऊन?" शिकायला म्हटल्यावर त्यांनी हळहळून विचारलं, "इथं कुठंच मिळालं नाही का?" भाजीवालीने भूकंपाचं सांगितलं. पण खरी तोफ श्रीपतकाकांची. इतिहासाचे निवृत्त मास्तर. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकावर इतक्या शाळा नेल्यात त्यांनी, की पहारेकरी त्यांनाच कधी उघडायचं ते विचारतो.

"1938 साली आपले द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते कुणाशी लढणाऱ्यांवर उपचार करायला?" काकांनी विचारलं.

"जपानशी."

"आणि तू?"

"जपानला."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण नाव सांभाळ हं. परदेशात माणूस जातो एका नावाने आणि राहतो दुसऱ्याच." मग त्यांनी सांगितलं की ते पाच डॉक्टर गेले, तेव्हा प्रत्येकाच्या चिनी नावाला शेवटी 'हुआ' जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन. आपले कोटणीस तिथे 'के दीहुआ' झाले. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. 1942 च्या डिसेंबरात डॉक्टर गेले तेव्हा वय फक्त 32, आणि मुलगा काही महिन्यांचा. एवढं सांगून काकांनी चष्मा पुसला. मी वाकून नमस्कार केला. बाहेर पडताना मनात आलं, कोटणीसांचं 'के' झालं, म्हणजे चिन्यांनी आधीच छाटून सुटसुटीत केलं. माझं कोण करणार?

कुणीच केलं नाही. व्हिसासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, परत सोलापूर, मग विमान. हे सगळं झटपट उरकलं. जपानच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या परदेशी विद्यार्थ्याच्या हातात रहिवासी कार्ड देतात. माझ्या कार्डावर इंग्रजीत 32 अक्षरं. अधिकाऱ्याने ती वाचायचा प्रयत्न केला नाही, नुसता वाकून नमस्कार केला. पुढे घर मिळाल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमा काढायचा, मग बँक, मग मोबाईल. आणि यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाव लागतं कताकानात.

कताकाना म्हणजे परदेशी शब्दांसाठी असलेली जपानी लिपी. या लिपीत ळ नाही. ल सुद्धा नाही, दोघांच्या जागी एकटा र उभा. न सोडला तर कुठलंही व्यंजन एकटं उभं राहत नाही, शेपटाला स्वर हवाच. त्यामुळे शलाकाची 'शाराका' झाली. बाबा 'शिद्देशुवारु' झाले. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीवर पोसलेलं आमचं घराणं 'मंगारुवेदेकारु' या नावाने नागानोत उतरलं. मोजून पाहिलं, आडनावालाच 9 अक्षरं. वर्गातल्या सातोला 3 पुरतात.

पहिल्या महिन्यात सर्दी झाली म्हणून एका दवाखान्यात गेले. परदेशी लोकांचं आडनाव शेवटी असतं हे तिथल्या मुलीला ठाऊक होतं, म्हणून तिने विचार करून माझ्या नावातला शेवटचा शब्द उचलला आणि सगळ्या हॉलभर हाक मारली, "शिद्देशुवारु-सामा!" सामा म्हणजे श्रीयुतापेक्षाही वरचा मान. मी बसूनच राहिले. मला वाटलं, कुणीतरी भला माणूस असेल. तिसऱ्या हाकेला डोक्यात प्रकाश पडला आणि मी बाबांच्या नावाने उठून उभी राहिले. रात्री फोनवर हे सांगितलं तर बाबांना काहीच गैर वाटलं नाही. "चांगलंय की. ग्रामदैवत तुझ्याबरोबर आहे." गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडताना करतात तो चेहरा करून बोलत होते.

पहिल्या भेटीत मी आमच्या प्रोफेसरांना चादर दिली. तेही कापडातले, त्यामुळे आधी उलटी करून विण पाहिली, मग काठावर विणलेल्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "हे तुमचं नाव?" मी म्हटलं, नाही, कारखान्याचं. "तुमचं का नाही?" मी म्हटलं, सेन्सेई, त्याला चादर पुरणार नाही. ते हसले नाहीत. दोन दिवसांनी प्रयोगशाळेत म्हणाले, "मी मोजलं. या काठाच्या लांबीत तुमचं नाव दीड वेळा बसतं." त्यांनी खरंच मोजलं होतं.

मग शिक्का. जपानात कागदांवर सहीबरोबर, बऱ्याचदा सहीऐवजीही, नावाचा छोटा गोल शिक्का उमटवायची जुनी पद्धत आहे. त्याला हान्को म्हणतात. शंभर येनांच्या दुकानात सातो, सुझुकी, तानाका यांचे शिक्के तयार मिळतात, आपल्याकडे कीचेन मिळतात तसे. माझा करवून घ्यावा लागणार होता. कारागीर म्हातारे गृहस्थ. त्यांनी माझं नाव एका कागदावर लिहिलं, शिक्क्याचं तोंड त्यावर ठेवून पाहिलं. ते आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान. थोडा विचार करून त्यांनी पहिल्या तीन अक्षरांपुढे रेघ मारली आणि प्रश्नार्थक पाहिलं. मी मान हलवली. दोन दिवसांनी शिक्का मिळाला. त्यावर सुबक कोरलेलं होतं: मंगा.

म्हणजे माझा बँकेतला शिक्का 'चित्रकथा' असा आहे.

पुढे मी संध्याकाळी एका चोवीस तास चालणाऱ्या दुकानात काम धरलं. परवानगी काढली की विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तास काम करता येतं. मॅनेजरनेही छातीवरच्या बिल्ल्यासाठी तीच तीन अक्षरं घेतली. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी मला वाकून विचारलं, नवीन अंक आला का? मला वाटलं कशाचा अंक? बिल्ल्यावर हात गेला तेव्हा कळलं.

ते मी हसून सोडून दिलं असतं. पण पहिला पगार आला नाही.

आला नाही म्हणजे निघाला आणि परत गेला. तिकडे पैसे पाठवताना खात्याच्या नंबराइतकंच कताकानातलं नाव लागतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पैसे उलट्या पावली परत. दुकानाच्या फॉर्मवर मी 'वे' लिहिला होता. तो 'वे' परदेशी शब्दांसाठी जोडतोड करून बनवलेला. जुन्या वळणाची माणसं त्याऐवजी सरळ 'बे' लिहितात. बँकेतल्या बाईंनी माझा फॉर्म मदत म्हणून स्वतः भरला होता, आणि प्रेमाने 'बे' लिहिला होता. मंगारुबेदेकारु.

मी त्या पासबुकाकडे बघत बसले. काय बे, कसं बे, चल की बे! सोलापूर सोडून इतक्या लांब आले आणि आमचा बे आधीच येऊन माझ्या आडनावात बसला होता.

मॅनेजर तीन वेळा वाकले. चूक त्यांची नव्हतीच. मी मनातल्या मनात कोर्टाबाहेरचं झाड शोधायला लागले. या गावात झाडं भरपूर, पण एकाखालीही टेबल नाही. सकाळी बाबांचा फोन आला. त्यांचे आठ म्हणजे आमचे साडेअकरा. मी चुकून सगळं सांगून टाकलं. बाबा एकदम शांत झाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

इकडे झालं असं की दुकानात मॅनेजरनी तोच फॉर्म काढला, 'वे'वर पट्टी धरून दोन रेघा मारल्या, शेजारी 'बे' लिहिला आणि खोडलेल्यावर माझा शिक्का मागितला. मी 'मंगा' उमटवला. एवढंच. चार मिनिटं. शपथ नाही, साक्षीदार नाही, चहा नाही. दोन दिवसांत पगार जमा.

मी बाबांना कळवलं, पण मेसेज त्यांनी पाहिला नव्हता, कारण ते कोर्टात गेले होते. दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नोटरीचा जांभळा शिक्का, लाल गोल, तिकिटं, सगळं साग्रसंगीत. 'मी, सिद्धेश्वर, शपथेवर लिहून देतो की माझी मुलगी शलाका ही जपान देशी मंगारुवेदेकारु व मंगारुबेदेकारु या दोन्ही नावांनी ओळखली जात असून या दोन्ही व्यक्ती एकच आहेत.' दोन्ही जपानी नावं अचूक. काना-मात्रेची चूक नाही. माझे डोळे भरून आले. मग खाली आमचं खरं आडनाव वाचलं.

मंगळवेडेकर.

मी लगेच फोन लावला. "बाबा, ढ चा ड झालाय."

"पाहिलं मी," बाबा म्हणाले. "तो म्हणाला, त्याचे वेगळे पैसे."