ट्रेलरच्या भिंतीत नुसतं चकचकीत फॉइल पुरत नाही

घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरच्या भिंतीत, बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये बबल फॉइल (बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर चकचकीत फॉइल) दाबून बसवलं की उष्णता अडवायला थर्माकोल लागत नाही, असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. फॉइल उष्णतेचे किरण परतवतं खरं, पण त्यासाठी चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी. तापलेल्या पत्र्याला चिकटलं की उष्णता सरळ त्यातून आत येते. मग उरतो काय, तर चार मिलिमीटरचा बुडबुड्यांचा थर! त्यापेक्षा 25 मिलिमीटरची एक्सपीएस (थर्माकोलसारखाच, पण जास्त घट्ट फोम) शीट लाकडी चौकटीत घट्ट बसवा. आणि कृपा करून तिला सॉल्व्हंटवालं रबर सोल्यूशन लावू नका. थर्माकोल काय, एक्सपीएस काय, दोन्ही पॉलिस्टायरीन प्लास्टिकच. डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. पॉलियुरेथेनचा गोंद चालतो.