पहाटेच्या दयाळाचा बंदोबस्त

मार्च लागला की दयाळ पक्षी पहाटे पाचच्या आधीच गायला सुरू होतो. त्यापेक्षा पोदेराचा भोंपू परवडला, तो निदान पाव तरी देऊन जातो. झोपमोडीला कंटाळला असाल तर उपाय सोपा आहे. त्याला गलोल लागत नाही आणि पापही लागत नाही.

आधी पोफळीखालचा पातेरा गोळा करून पेटवा. त्यातल्या किड्यांवरच दयाळाची पिल्लं वाढतात. मग बांधावरची करवंदं, अडुळसा साफ करून कार्पेट ग्रास लावा. शिंपी पक्ष्याला घरटं शिवायला रुंद पानं लागतात. गवताच्या पात्यात काय शिवायचं ते त्याने बघावं. पोखरलेला जुना फणस 'धोकादायक' म्हणून पाडा, कारण दयाळ ढोलीत राहतो. गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, भोकंही त्याला चालतात, म्हणून गडग्याला गिलावा करा.

आता मांजरं. एकच पाळून भागत नाही, दारात आठ-दहा जमतील एवढी बांगड्याची डोकी टाका. पोट भरलं की मांजर शिकार सोडतं, हा भाबडेपणा झाला. आमच्या बोक्याने जेवून उठल्यावर शिंप्याचं पिल्लू आणून देव्हाऱ्यासमोर ठेवलं. शेपटी फुटायची होती, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. आम्ही बोक्याचं कौतुक केलं. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी २०१३ साली मांडला. आपण गोंयकारांनी मागे का राहावं? उरलेला कचरा कोपऱ्यावर फेका, म्हणजे अंड्यांचं कावळे बघून घेतील.

पक्षी कमी झाले की दोष द्यायला धामण, शिक्रा आणि भारद्वाज आहेतच. भारद्वाज दिसला की आपण शुभ म्हणून हात जोडतो. तो कदाचित बुलबुलाचं घरटं उरकून परतत असतो. हे तिघे पोर्तुगीज यायच्या आधीपासून पिल्लं खाताहेत, तरी बुलबुल संपले नाहीत. कारण लपायला जाळी होती, एक घरटं गेलं तर दुसरं बांधायला जागा होती. हे ग्रामसभेत बोलू नका.

हौस मोठी असेल तर मोलेचं अभयारण्य आहे. तिथे सगळं जंगल तोडायलाही नको, रस्ता, रेल्वे आणि वीजवाहिनीने चिरलं तरी पुरतं. जितक्या कडा जास्त, तितका कावळ्या-मांजरांना आत शिरायला वाव. मध्ये अडथळे येतात, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरीच रद्द केली. केशरी गळ्याचा पिवळा बुलबुल पश्चिम घाटाबाहेर कुठेच नसतो, पण काळजी नको. तो आपला राज्यपक्षी आहे, म्हणजे फोटो सरकारकडे असणारच.

आमच्या गडग्याला अजून एक भोक उरलंय आणि दयाळाची मादी त्यात काड्या नेतेय. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी, ते मी विचारलं नाही.