डोंगराची चतुःसीमा

मंगळवारी संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात माझ्या जमिनीचा वाद उभा राहिला. मला जमीन नाही. तरी तो वाद आज शुक्रवारपर्यंत मिटलेला नाही.

झालं एवढंच, की येत्या रविवारी पाटणादेवीला जायचं ठरलं. चाळीसगावपासून 18 किलोमीटर, गौताळा अभयारण्यातलं रान. महादेवाच्या जुन्या देवळापासून वर चढायचं, वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी बघायची, कन्हेरगडाचा माथा गाठायचा आणि उतरून केदारकुंडाकडून वळसा घालत परत गाडीपाशी यायचं. वळशाच्या वाटेत एक गोम असते. अर्ध्या वाटेवर आलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. म्हणून हिशेब घरीच करावा लागतो, आणि हिशेबाला कागदी नकाशा लागतो. दरीत मोबाईलची रेंज जाते, आणि रेंज शोधता शोधता मोबाईलच मान टाकतो.

दुकानात पेनड्राइव्ह दिला. माझ्यापुढे एक म्हातारबाबा सातबाऱ्याच्या प्रती काढून घेत उभे होते. डोक्याला टोपी, बगलेत कापडी पिशवी, कुठे जायची घाई नाही. प्रिंटरमधून माझा नकाशा बाहेर आला तो त्यांनीच आधी उचलला. लाल रेघेने काढलेला माझा वळसा, आणि त्यात भरून बारीक तपकिरी समोच्च रेषा.

"हाई कोनं वावर शे भो?"

"बाबा, वावर नाही. डोंगर आहे."

"कितला बिघा?"

मी सांगितलं, की त्या बारीक रेघा म्हणजे उंची. दोन रेघांमध्ये 20 मीटरचा फरक असतो. रेघा दाटीने असल्या की चढ अंगावर येतो, विरळ असल्या की पठार. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद नाकाशी नेला.

"तास भलता बारीक शेतस. उतारले आडवी नांगरट शे. चांगलं शे."

उताराला आडवं नांगरलं की तास समोच्च रेषेवरच पडतं. म्हणजे बाबा चुकून बरोबर बोलले होते, आणि मला तेच जास्त लागलं. गेली तीन वर्षं मी घरच्यांना ही रेषा समजावतोय.

"डोंगर कोना नाववर शे?"

"सरकारच्या. फॉरेस्टचा."

"मंग अतिक्रमण शे म्हन."

आता रांगेतली आधारकार्डवाली बाई पुढे झाली. तिच्या मते भावाभावांतलंच प्रकरण असणार, चेहऱ्यावरून कळतं. दुकानदार कात्रीने फोटो कापत होता, त्याने मान न उचलता विचारलं, "मोजणी झाली का?" मी आवाज चढवला. म्हटलं, बाबा, मी फिरायला जातोय. इथून निघायचं, असं वर, असं आडवं, असं खाली, आणि परत इथंच यायचं.

"परत तठेच?"

"तठेच."

"मंग मोजनीच व्हयनी ना ती!"

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

त्यांनी चतुःसीमा विचारली. शेजारी कोण? मी वैतागून म्हणालो, बिबट्या. बाबांनी ते आडनाव शांतपणे ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि खांद्यावर हात ठेवला. "त्यानासंगे कोर्टमा नको जाऊ. आपसमा मिटाडी ले."

एवढा वेळ दुकानदार काय करत होता, ते घरी गेल्यावर कळलं. नकाशा मी मोठ्या कागदाच्या, म्हणजे ए-थ्रीच्या मापाचा केला होता, 1 सेंटीमीटरला 250 मीटर. त्याच्याकडे तो कागद नव्हता. त्याने न विचारता 'फिट टू पेज' दाबून ए-फोरवर काढला. त्यात प्रत्येक लांबी 71 टक्क्यांवर येते. शिवणाचा दोरा वाटेवर ठेवून मोजलं तर 9 किलोमीटरची वाट 6.4 भरली. एखादा भोळा गडी त्या मापावर पाणी भरून निघाला तर उरलेले 2.6 किलोमीटर तो कोरड्या घशाने चालेल. म्हणून नकाशावर नुसतं प्रमाण लिहू नये, मापाची पट्टी छापावी. कागद आक्रसला तर पट्टीही त्याच्याबरोबर आक्रसते. मी पट्टी काढली नव्हती, ही माझी चूक. पण दहा रुपये पूर्ण घेतले, ते काही 71 टक्क्यांवर आले नाहीत.

आणि हे कुठे, तर पाटणादेवीच्या पाटणच्या पंचक्रोशीत! भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख तिथं आहे. आठशे वर्षांनी त्याच मातीत त्रैराशिक एका बटणात गेलं.

असो. वेळेचा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने 1892 मध्ये सांगून ठेवलाय. सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाला एक तास. 9 किलोमीटर आणि साडेतीनशे मीटर चढ धरला तर दोन तास तेवीस मिनिटं होतात. पण तो थंड देशाचा गडी. आपल्याकडे घसारा, काट्याकुट्यांची वाट आणि दर पन्नास पावलांवर फोटो, म्हणून सरळ दुप्पट धरायचं. लेणी आणि जेवणाचा दीड तास मिळवला की सव्वासहा तास. आठला चाललो तर सव्वादोनला खाली. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो आणि घळीत त्याच्याही आधी अंधारतं, तेव्हा साडेबाराला माथा लागला नाही तर जिथे असू तिथून आल्या वाटेने मागे फिरायचं. उभा चढ सकाळीच उरकावा. वाळल्या गवताखाली मुरूम असतो, त्यावरून उतरताना पाय आधी जातो, माणूस मागून.

वाट चुकते ती जंगलामुळे नाही, ढोरांमुळे. ढोरवाट सुरुवातीला आपल्या पायवाटेपेक्षा रुंद आणि मळलेली दिसते, मग चाऱ्यापाशी फुटते आणि झुडपात विरून जाते. दहा मिनिटं चालून एकही नेहमीची खूण दिसली नाही तर शेवटच्या नक्की ठिकाणी परतावं, पुढे अंदाजाने घुसू नये. अंगाला अत्तर-डिओ नको, विडी-सिगारेट तर नकोच, कड्यावर आग्या मोहोळं असतात. पँट पूर्ण लांबीची, नाहीतर कुसळं मोज्यात घर करतात. चौकीवर नोंद करायची. भरताची वांगी घेऊन कुणी यायचं नाही, अभयारण्यात काट्या पेटवायला परवानगी नसते. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, एवढं पुरतं. पाणी माणशी साडेतीन लिटर. कुंडातलं प्यायचं नाही.

हे सगळं महिनाभर सांगून माझ्याबरोबर यायला एकटा पुतण्या तयार होता. मेहुण्याचा गुडघा दुखत होता. साडूंकडे लग्न होतं. आत्याला देवी घरूनच पावते.

बुधवारी रात्री मेहुण्याचा फोन. "दाजी, पाटण्याकडे जागा घेतली म्हणे? आम्हाला सांगितलं पण नाही."

बाबांची भाची आमच्याच गल्लीत दिली आहे, हे मला तेव्हा कळलं. मी जीव तोडून सांगितलं, जागा नाही, डोंगर आहे. तो म्हणाला, फोनवर नका बोलू. गुरुवारी साडूंचं लग्न पुढे ढकललं गेलं. आत्या म्हणाली, देवीला जाऊनच यावं, वाटेत कोपरा दाखव. आता आम्ही नऊ जण आहोत, दोन गाड्या आहेत आणि पाणी साडेएकतीस लिटर लागतंय.

मघाशी पुन्हा मेहुण्याचा फोन आला. मोजायला टेप पन्नास मीटरचा पुरेल का, विचारत होता. मी म्हटलं पुरेल, बूट घालून ये.