ड्रॉइंगच्या बाईंचं कपाट रद्दीत घालण्याआधी

निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या बाई गेल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर फिरतो. हसतमुख, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, नातवंडांची लाडकी आजी. खोटं काहीच नसतं त्यात. पण हाच मजकूर भूगोलाच्या बाईंना चालतो आणि तळमजल्यावरच्या काकूंनाही चालतो. ज्या बाईंनी तीस-तीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या बॅचेस बसवल्या, त्यांना नेमकं काय येत होतं, हे त्यात कुठेच नसतं. आणि ते लिहून ठेवलं नाही तर तेराव्याच्या आत विसरलं जातं. म्हणून आठवण लिहायचीच तर त्यांच्या हाताची लिहा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वस्तुचित्राची बादलीच घ्या. मुलं हमखास दोन चुका करतात. तोंडाची लंबगोल रेघ दोन्ही टोकांना लिंबासारखी टोकदार काढतात, आणि बूड सरळ रेघेत, कारण बादली स्टुलावर ‘सपाट’ बसलेली असते ना! चांगल्या बाई आधी मधोमध एक उभी पुसट रेघ मारायला लावतात आणि दोन्ही बाजू त्या रेघेपासून मोजून घेतात. मग सांगतात की लंबगोलाला कुठेच कोपरा नसतो, टोकालाही तो वळतोच. आणि बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षा जास्त गोल दिसायला हवा. माप घेताना पेन्सिल धरलेला हात ताठ, एक डोळा बंद, अंगठा पेन्सिलीवर सरकता. कोपर जरा वाकलं की प्रत्येक वेळी माप वेगळं येतं आणि मग मूल म्हणतं, ‘बाई, बादली वाकडीच आहे.’

रंगांचंही तसंच. 1931 साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या पोस्टर कलरच्या बाटल्यांवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या रंगल्या, पण बाटलीवर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं नसतं. ते बाईंच्या तोंडात असतं: दाट ताकासारखा. दह्यासारखा लावला तर वाळल्यावर तडकतो आणि पोपडे निघतात. पाण्यासारखा लावला तर डाग-डाग दिसतो. रंगाचा दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच, आणि आडवा लावला असेल तर आता उभा. घाई केली की खालचा रंग ब्रशबरोबर उचलून येतो. फिकी छटा करताना आधी पांढरा घ्यायचा, त्यात गडद रंग टोकाने थोडा-थोडा सोडायचा. उलट केलं तर पांढऱ्याची अख्खी बाटली संपते आणि हवी ती छटा येतच नाही. (बारा बाटल्यांच्या खोक्यात पांढरी सगळ्यात आधी का संपते, त्याचं उत्तर हे.) सावलीला काळा टाळायचा. पिवळ्यात काळा घातला तर सावली येत नाही, मळकट हिरवा येतो. केळ्याच्या सावलीत शेवाळं उगवलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

शाळेने मात्र या विषयाला कधी नीट वागवलं नाही. सहामाही जवळ आली की ड्रॉइंगचा तास गणिताला. स्नेहसंमेलन आलं की मागचा पडदा बाईंकडे, प्रमाणपत्रांवरची नावं बाईंकडे, 26 जानेवारीचा फळा बाईंकडे. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळू लागल्यावर पालकांना बाईंचा पत्ता सापडला, ही गोष्ट वेगळी. त्या फळ्याचीही युक्ती होती: रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ओले असतानाच वापरायचे. रंग भडक उमटतो, वाळल्यावर झडत नाही. फक्त पुसताना ओलं फडकं लागतं, आणि शिपाईमामांची बोलणी.

आता आजीकडे येऊ. चित्रकला शिकवलेली आजी आणि बाकीच्या आज्या यांत फरक एका गोष्टीत दिसतो. नातवाने डोक्यालाच पाय फुटलेला माणूस काढला तर बाकीचे हसतात, किंवा ‘पोट कुठंय याचं?’ म्हणून विचारतात. ही आजी काहीच दुरुस्त करत नाही. तीन-चार वर्षांचं मूल असाच माणूस काढतं, हे तिला ठाऊक असतं. सहा-सात वर्षांचं मूल घर काढून भिंतीतून आत बसलेले आई-बाबा दाखवतं, कारण ते दिसतं ते काढत नाही, माहीत आहे ते काढतं. ती मुलाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल कधी टेकवत नाही. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घेते. ‘हे काय आहे?’ असं न विचारता ‘सांग बघू यातलं’ म्हणते. दोन वर्षांच्या हातात जाड मेणखडू, खाली वर्तमानपत्र, कागद मोठा, आणि खोडरबर घरात लपवलेलं. चित्र झालं की मागे पेन्सिलीने तारीख आणि वय.

दिवाळीच्या कंदिलाची खळही तिचीच. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. थेट गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. कच्ची राहिली तर चिकटत नाही आणि दोन दिवसांत आंबते. जुन्या बायका किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर घालूच नका, ताजी खळ करा. आणि खळ काडीला लावायची, पतंगी कागदाला नाही. कागदाला लावली की तो ओला होऊन लोंबतो, ओढला की फाटतो.

आता मुख्य मुद्दा, कपाट. बाई गेल्यावर महिन्याभरात घर आवरायला घेतात आणि चाळीस वर्षांचे कागद किलोवर जातात. तसं करू नका. पण ‘जपायचं’ म्हणून जे केलं जातं, तेही बरेचदा रद्दीपेक्षा वाईट असतं.

लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा निघत नाही. खडूचं काम असेल तर फासलं जातं. फाटलेल्या जागी सेलोटेप नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, गळून जाते आणि तिचा गोंद कागदात मुरून बसतो. जुन्या ड्रॉइंग पिना आणि स्टेपल अलगद काढा, त्यांचा गंज कागद खातो. गुंडाळी करून ठेवलेलं पोस्टर कलरचं चित्र एकदम ताठ उलगडलं की रंग तडकतो. दोन-तीन दिवस थोडं-थोडं सैल करत न्या, इस्त्री फिरवू नका. ऑइल पेस्टलच्या चित्रावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं तर पावसाळ्यात ते चिकटून रंगासकट निघतं. मध्ये बटर पेपर घाला. सगळं आडवं, सपाट, जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, आणि बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात. डिंक आणि खळ हे कसरीचं आवडतं खाणं, तेव्हा पावसाळा संपला की एकदा उघडून बघायचंच. फ्रेम करायची असेल तर काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. स्केचपेनची चित्रं उन्हाच्या भिंतीवर लावू नका, दोन-चार वर्षांत पांढरीफटक होतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीजवळ, पण थेट ऊन नसेल तिथे, चित्राचे चारही कोपरे फ्रेममध्ये आणि मोबाइल कागदाला समांतर. ए-फोरपर्यंतच्या कागदाला 300 डीपीआयचा स्कॅन पुरतो. मागच्या लिखाणाचाही फोटो घ्या. तिथे कधी विद्यार्थ्याचं नाव असतं, कधी रंगाचं मिश्रण, कधी वाण्याचा हिशोब. नवीन नोंद करायची तर मऊ पेन्सिलीने, कागद कडक पृष्ठभागावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. स्केचबुकं फाडून ‘चांगली पानं’ वेगळी काढू नका. फसलेलं पान आणि त्याच्या पुढचं जमलेलं पान शेजारी असतात, तेव्हाच त्या कशा विचार करत होत्या ते दिसतं.

नातवंडांना काही द्यायचं असेल तर ब्रश द्या. सहा नंबरचा गोल ब्रश आधी, निम्मं काम त्यावरच होतं. वापरून झाला की पाण्याच्या ग्लासात उभा सोडायचा नाही, केस वाकतात आणि लाकूड फुगून-आकसून केस धरून ठेवणारा पत्रा सैल होतो. थंड पाणी, तळहातावर साबणाचा थोडा फेस, मग बोटांनी टोक जुळवून आडवा वाळत ठेवायचा. दांडीवर बाईंच्या हाताचा रंग वाळलेला असेल, तो खरवडू नका.