अडाणी पाहिजेत

“मावशी, तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही ना?” भाच्याने फोनवर विचारलं. त्याच्या आवाजात इतका जिव्हाळा माझ्या साठीच्या वाढदिवसालाही नव्हता.

मी म्हटलं, “अरे, व्हॉट्सॲप येतं, लाइट बिल भरता येतं…”

“बास बास, एवढंच ना? उत्तम!” आणि त्याने मला स्वयंसेवक करून टाकलं.

भानगड अशी होती. भाचा टिडलीविकी नावाच्या प्रकाराच्या प्रेमात आहे. जेरेमी रस्टन या ब्रिटिश गृहस्थांनी २००४ मध्ये ही वही काढली आणि फुकट वाटली. वही म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी एकच एचटीएमएल फाइल. तुमच्या नोंदी, त्या शोधायची सोय, त्या दाखवणारा प्रोग्राम, सगळं त्या एका फाइलच्या पोटात. इंटरनेट नको, खातं उघडायला नको, पासवर्ड विसरायला नको. कोरी वही जेमतेम दोन-अडीच एमबीची भरते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा सूर्योदयाचा व्हिडिओ त्याहून जड असतो. प्रत्येक नोंदीला टिडलर म्हणायचं, आणि एका टिडलरमधून दुसऱ्यात दुवे टाकत जायचं. तर ही वही शिकवणारं एक परस्परसंवादी पाठ्यपुस्तक भाच्याने मराठीत लिहिलं होतं. परस्परसंवादी म्हणजे पुस्तक तुम्हाला काम सांगतं, तुम्ही ते त्याच पानावर करायचं, मग उत्तरावर टिचकी मारून ताडून बघायचं. जगाला वाटण्याआधी ते आमच्यावर करून बघायचं होतं.

आम्ही सातजण. मी, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त. एक माजी मुख्याध्यापक. जिल्हा परिषदेत हयातभर टंकलेखन केलेल्या एक वहिनी. भाच्याच्या मित्राचे वडील, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. कॉलेजातल्या दोन मुली. आणि भाच्याचा आयटीतला एक मित्र, ज्याला दुसऱ्याच दिवशी “तुला सगळं येतं, तू उपयोगाचा नाहीस” असं सांगून काढून टाकण्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या चाळणीतून आयटीवाल्याच्या पुढे निघाले.

भाच्याची अट साधी होती. जिथे अडाल तिथे सांगा. “काही कळलं नाही” हे सोनं आहे, असं तो म्हणाला. पण मराठी मध्यमवर्गाकडून बाकी काहीही मागा, वर्गणी मागा, रक्त मागा. “मला कळलं नाही” एवढं मागू नका. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे जे अभिप्राय आले ते असे होते: “छान!”, “खूपच छान उपक्रम!!”, जोडलेले हात, आणि “आजच्या पिढीने मराठीसाठी काही करावं हे पाहून ऊर भरून आला.” कॉलेजातल्या मुलींनी अंगठे पाठवले. कुठे अडलात, असं विचारलं की सगळे सांगायचे, मी नाही अडलो, पण एखाद्याला अवघड जाऊ शकेल.

तो एखादा शोधायला भाच्याला फार मेहनत पडली.

मुख्याध्यापक मात्र कामाला लागले होते. झालं होतं असं, की हे पाठ्यपुस्तकही टिडलीविकीतच बांधलेलं. म्हणजे शिकायचंही तिथेच आणि शिकायचंही तेच. आणि त्यात प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेन्सिलचं चित्र असतं. ते दाबलं की पान उघडं पडतं, खोडा, लिहा, काही करा. सरांच्या हाती पस्तीस वर्षांनी असं पुस्तक आलं होतं जे स्वतःहून दुरुस्तीला तयार होतं. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘क्लिक करा’ची ‘कळ दाबावी’ केली. मग संदेश आला: “धडा तिसरा अनावश्यक वाटला. काढला आहे.”

भाच्याच्या पोटात गोळा आला. तिसरा धडा म्हणजे फाइल जतन कशी करायची तो धडा. अर्थात सरांनी काढला तो त्यांच्या स्वतःच्या प्रतीतून, बाकीच्यांच्या फाइलींना त्याचा पत्ताही नव्हता. पण सरांना हे पटेना. पुस्तक म्हटलं की ते एकच असतं, आणि सुधारलं की सगळीकडे सुधारतं, अशी त्यांची श्रद्धा. गंमत अशी, की धडा काढून ते जतन न करताच उठले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर तिसरा धडा जागेवर. “मी काढलेला पुन्हा कोणी घातला?” हा प्रश्न ग्रुपवर दिवसभर होता.

जतन करणं हे त्या वहीचं खरं दुखणं. ब्राउझर कुठल्याही पानाला स्वतःहून तुमच्या डिस्कवर लिहू देत नाही, आणि ते बरंच आहे म्हणा. त्यामुळे साधी, काही जोडणी न केलेली वही जतन केली की तिची नवी प्रत डाउनलोडमध्ये जाऊन पडते. नावापुढे कंसात एक. मग कंसात दोन. आणि माणूस दुसऱ्या दिवशी सवयीने जुनीच उघडतो आणि म्हणतो, माझं सगळं गेलं. काकांची कंसातली संख्या तर इतकी वाढली की ती फाइल आहे का ट्रेनची वेटिंग लिस्ट, तेच कळेना.

त्यातून ती खूण. टिडलर लिहून झाला की त्यावर एक बरोबरची खूण असते, ती दाबायची. पण तेवढ्याने नोंद फक्त वहीत बसते. वही डिस्कवर जायला कडेच्या पट्टीत आणखी एक बरोबरची खूण, वर्तुळातली. काही जतन करायचं राहिलं असेल तर ती लाल होते. आता बनवणाऱ्यांच्या देशात लाल म्हणजे धोका असेल. काकांनी पहिला अभ्यास केला, कडेला लाल शाईत बरोबरची खूण उमटली, आणि काका धन्य झाले. लाल बरोबर! आमच्या पिढीला याहून मोठा सन्मान ठाऊक नाही. त्यांनी पुढचा अभ्यास केला, खूण लालच. पूर्ण धडा संपवला, एकही चूक नाही. शेवटी ब्राउझर बंद करताना त्याने “बदल जतन झालेले नसतील” असं काहीसं विचारलं, तेव्हा काकांनी पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या माणसाच्या थाटात ते उडवून लावलं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो भाच्याला पाठवला, “सर्व बरोबर आले” असं लिहून. फोटोत लाल खूण, तिच्यामागे काचेत दिसणारा पंखा आणि बनियनमधले काका. भाचा तो फोटो अजून जपून आहे. पुढच्या मसुद्यात त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: लाल खूण म्हणजे शाबासकी नव्हे.

खरी कमाल केली ती जिल्हा परिषदेच्या वहिनींनी. त्या बिचाऱ्या कधीच काही बोलत नसत. त्यांनी शांतपणे सगळे अभ्यास पुरे केले, शिस्तीत जतन केले आणि फाइल पाठवली. भाच्याने ती उघडली, आणि मला फोन केला. “मावशी, वहिनींना काही झालंय का?”

फाइलमध्ये लिहिलं होतं: टटमहत्त्वाचेटट. त्याखाली ययसूचनायय. त्याखाली बाजाराची यादी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला श्र: श्र डाळ, श्र गूळ, श्र रॉकेल. आणि सगळ्यात खाली ‘डडबाजार’, त्या बाजारच्या ढुंगणाला दोन नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबं.

मी ग्रंथालयात मराठी नोंदी केल्यात, मला लगेच उमगलं. वहिनी इनस्क्रिप्टवर टाइप करतात, सरकारी कळफलकावर. टिडलीविकीत ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणं लागतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर बसलाय ट. तिरकं करायला दोन तिरक्या रेघा, तिथे य. दुवा द्यायला दोन चौकटी कंस. उघडत्या कंसाच्या जागी ड, मिटत्याच्या जागी नुक्ता. यादीला लागणाऱ्या ताऱ्याच्या जागी श्र. वहिनींनी पुस्तकातलं चित्र बघून बरोबर त्या-त्या जागची कळ दाबली होती. एकही चूक नव्हती. जे उमटलं ते पुस्तकाने सांगितलं तसंच असणार, संगणकाची काही गुप्त भाषा असेल, असं त्यांनी धरलं. शासनात राहून परिपत्रकं टंकलेली बाई, ‘ययसूचनायय’ला का दचकेल?

पुस्तक लिहिणारा भाचा, त्याचे मित्र, सगळे रोमन अक्षरांत मराठी बडवणारे. त्यांच्यापैकी कोणाला जन्मात ही अडचण सापडली नसती. आणि मराठीतलं पुस्तक सगळ्यात जास्त कोण वाचणार, तर हीच इनस्क्रिप्टवाली मंडळी. भाच्याने रातोरात एक नवं पान घातलं: खुणा टाकण्याआधी कळफलक इंग्रजी करा, मग परत मराठी. वहिनींना त्याने फोन करून आभार मानले. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे माझं चुकलं होतं?” तो परोपरीने सांगत होता की नाही हो, पुस्तकाचं चुकलं होतं. त्यांचा विश्वास बसला असं मला वाटत नाही.

माझी पाळी व्हिडिओ कॉलवर आली. मी काम करायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, तो नुसता बघणार. मनात येईल ते बोल असं सांगितलं की बाईच्या मनातलं सगळं कुठे जातं कोण जाणे; उखाणा घे म्हटल्यावर नव्या नवरीची जी अवस्था होते ती माझी झाली. “आता मी… इथे… दाबते,” एवढंच मी बोलत होते. मनात चाललं होतं की कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. तेही बोल, असं तो म्हणाला. बोलले. त्याने लिहूनही घेतलं.

पुस्तक दर धड्याच्या शेवटी प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न काही दिवसांनी पुन्हा येतात, विसरायच्या बेतात असताना. यामागे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाचं १८८५ मधलं काम आहे. त्याने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ केले आणि किती वेळात किती विसरतो ते मोजलं. (वहिनींची फाइल मिळाली असती तर त्याचे कष्ट वाचले असते.) उत्तर आठवलं का विसरलं ते आपणच प्रामाणिकपणे दाबायचं. बघायला कोणी नाही. तरी सरांनी एकदाही ‘विसरलो’ दाबलं नाही. त्यामुळे पुस्तकाने त्यांचे प्रश्न लांब लांब ढकलले आणि पुढे त्यांना काही विचारेनासंच झालं. मी मात्र आलेल्या उत्तरालाही विनयाने ‘विसरले’ दाबत होते, आणि रोज तेच प्रश्न झेलत होते.

मग आला टॅगचा, म्हणजे नोंदीला विषयाच्या चिठ्ठ्या चिकटवायचा धडा, आणि माझा घात झाला.

ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर बसतं. आयुर्वेदाचा इतिहास वैद्यकात ठेवा नाहीतर इतिहासात, दोन्हीकडे नाही. म्हणून तालिकेत कार्डं: लेखकाचं एक, शीर्षकाचं एक, विषयाची वेगळी. ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकं लावायचं कोलन वर्गीकरण काढलं ते याच दुखण्यावर, की विषयाला एकाच वेळी अनेक बाजू असतात. माझी उमेद त्या कार्डांत गेली. पाच बाय तीन इंचाचं कार्ड, खाली मधोमध भोक, त्यातून खणाच्या तळाशी जाणारी पितळी सळई, म्हणजे पोरांनी कार्ड उपटून नेऊ नये. एखादी ओळ चुकली की सळई काढा, कार्ड काढा, नवं टाइप करा, सळई घाला. आणि इथे? एकाच टिडलरला ‘वैद्यक’ लावा, ‘इतिहास’ लावा, ‘आईचं पुस्तक, परत करायचं’ लावा. त्यातलं कुठलंही नाव दाबलं की त्याखालचे सगळे हजर. सळई नाही.

मी अभ्यास सोडून दिला आणि घरातल्या लोणच्यांची तालिका केली. मग गाळणीचा, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी निवडून दाखवायचा धडा स्वतःच वाचून काढला. चौकटी कंसात ‘टॅग लोणचं’, पुढे नावाप्रमाणे लाव, आणि यादी आपोआप. दुसऱ्या दिवशी भाच्याने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. मला वाटलं शाबासकी देईल. त्याचा चेहरा पडला.

“मावशी,” तो म्हणाला, “तुला कळायला लागलं.”

यावर काय उत्तर देणार? कळलेलं न कळलेलं करता येत नाही. माझ्याकडचा एकमेव माल संपला होता. त्याने मला याकोब निल्सन या वापरसोयीच्या तज्ज्ञाचा हिशेब ऐकवला, २००० सालचा: पाच माणसं वापरायला बसवली तरी साधारण ८५ टक्के अडचणी बाहेर पडतात. पण मसुदा सुधारला की पाच नवीन माणसं हवीत, कोरी. वहिनीही आता न बघता कळफलक पालटत होत्या. काकांना लाल आणि बरोबर यातला फरक समजला होता. सगळा संच बाद.

“घरात आणखी कोणी आहे का ग?” त्याने हळूच विचारलं.

आमचे हे पेपर वाचत होते. संगणकाशी त्यांचा संबंध तो पुसण्यापुरता. भाच्याचे डोळे लकाकले.

तर आता हे खुर्चीवर आहेत, मी मागे, आणि समोर स्क्रीनवर भाचा बोट तोंडावर ठेवून. मला एकही शब्द बोलायची परवानगी नाही. सदतीस वर्षांच्या संसारात यांना वस्तू कुठे आहे ते मी सांगितलं नाही असं कधी झालेलं नाही. चष्मा, किल्ली, विळी, सगळं. आणि नवी नोंद उघडायचं अधिकचं चिन्ह यांच्या नाकासमोर आहे. हे ते सोडून सगळीकडे बघतायत. घड्याळावर गेले. तारीख बघितली. खाली आले. चिन्हावरून दोनदा बाण फिरवला, मी श्वास रोखला, पुढे गेले. मी खाकरले. भाचा म्हणाला, “मावशी, नको!” माझी मूठ आपोआप वळली होती.

अखेर यांनी हात माउसवरून काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि पहिलंवहिलं मोठ्याने मनोगत व्यक्त केलं.

“याची प्रिंट निघेल का?”

भाच्याने आनंदाने वहीत लिहून घेतलं.