पडवीतला मोबाईल

मे महिन्यात दुपारी झोप लागली नाही की माणसाला नको ती बुद्धी सुचते. मला पडवीत मोबाईल टांगायची सुचली. फोन नव्हे हो, त्या कामट्या, त्यांना दोरे, दोऱ्यांना काहीबाही, वारा आला की सगळं आपलं सावकाश फिरतंय, ते. आमच्याकडं हे आधी सांगावं लागतं, कारण बेळगावच्या गणपत गल्लीत मी “मोबाईल टांगायला फिरती कडी मिळंल काय” म्हणून विचारलं तर दुकानदारानं शेजारच्या कव्हर-चार्जरवाल्याकडं बोट दाखवलं.

सामान मात्र फुकटात जमलं. आम्ही वडगावात राहतो, शेजारच्या मामांचे माग आहेत, त्यांच्याकडनं जुन्या लाकडी कांड्या आणल्या, दोन-चार कांड्यांवर गुलाबी धागा अजून चिकटलेला. घरच्या करवंट्या, खानापूरच्या मातीच्या पणत्या, आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या. कंदील दरवर्षी करते, त्यामुळं हे अर्ध्या तासाचं काम असं मी ठरवून टाकलेलं. तीन दिवस गेले!

मी वरनं सुरू केलं ना. वरची कामटी सरळ झाली, खाली दुसरी अडकवली की वरची तिरकी, ती सरळ करून तिसरी लावली की दोन्ही तिरक्या. यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला गेलेला आमचा मुलगा ते बघून म्हणाला, “आई, खालनं बांधत वर जायचं की, आणि वजन गुणिले अंतर दोन्हीकडं सारखं पाहिजे.” मग किचनचा काटा काढला. करवंटी ६० ग्रॅम, कांडी २० ग्रॅम, म्हणजे करवंटी दोऱ्यापासून ५ सेंटीमीटरवर आणि कांडी १५ वर. बांधलं. आणि कांडीची बाजू खाली! कारण तिकडं कामटी लांब, आणि कामटीचं वजन आम्ही दोघांनीही धरलंच नव्हतं. शेवटी हिशेब सोडला, कामटी बोटावर ठेवून दोरा तसूतसूनं सरकवला, जमलं तिथं फेविक्विकचा एक थेंब. दोन थेंब माझ्या बोटांना.

नंतर वाचलं तर हा प्रकार नावारूपाला आणणारा अमेरिकेचा अलेक्झांडर कॉल्डर शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. १९५५ साली तो अहमदाबादला साराभाईंकडं येऊन राहिलेला, तिथंही त्यानं मोबाईल केले. हे आधी कळलं असतं तर मी सरळ तोरण केलं असतं. मोबाईल हे नाव फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँनं १९३१ मध्ये सुचवलं, आणि फ्रेंचमध्ये म्हणे त्याचा अर्थ हलणारं असाही होतो आणि हेतू असाही.

हेतू सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारला. “हे काय टांगूलालीस गे? कशाला?” मी म्हटलं, बघायला. “बघून काय करायचं?” याला उत्तर फ्रेंचमध्ये असेल तर असेल.

चौथ्या दिवशी वळीव आला. सावकाश फिरायचं सोडून तो मोबाईल पंख्यासारखा गरगरला, एक पणती थेट तुळशीवर, बाकी सगळ्याचा एक गठ्ठा. मामा आले, बघितलं, “एनव्वा इदु?”, म्हणजे कन्नडमध्ये हे काय गे, म्हणाले, आणि खुर्चीवर बसून पाच मिनटात गुंता सोडवला, एक दोरा न तोडता. जन्म मागावर गेलेला माणूस. मी तोपर्यंत कात्री घेऊन उभी.

परत टांगला, सरळ राहिला, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी बघते तर करवंटीच्या बाजूला लिंबू-मिरची. “दृष्ट लागली होती की त्याला,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून पडला.” सगळा मोबाईल एका अंगाला कललेला, लग्नात जेवून आलेल्या माणसासारखा. काढा म्हणायची माझी हिंमत नाही, उलट बाजूला वजन लावलं असतं, पण लिंबू रोज वाळतंय आणि हलकं होतंय, त्याचा हिशेब कुठल्या काट्यावर करायचा?

आता शनिवारी तो पार कललेला असतो, सोमवारी थोडा वर, गुरुवार-शुक्रवारकडं बऱ्यापैकी सरळ, की परत नवं लिंबू. काल मामा रस्त्यावरनं जाता जाता थांबले, मान वाकडी करून वर बघितलं आणि विचारलं, “आज बुधवार काय गे?”

बुधवारच होता.