मासा ‘दिसल्यावर’ दुप्पट होणारी पिल्लं: थोडा खुलासा

‘सँड डॉलरचं पिल्लू मासा दिसताच स्वतःची कॉपी काढतं, म्हणून ते अमर आहे, आणि हा तर आईबापांशिवाय जन्म’ असा फॉरवर्ड फिरतोय. अर्धा खरा, अर्धा फोडणी दिलेला.

खरं काय? सँड डॉलर हा समुद्री अर्चिनचा (गोल, काटेरी समुद्री प्राणी) चपटा भाऊबंद. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जातीवरचा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. चार दिवसांच्या अळ्या (म्हणजे फॉरवर्डमधली ‘पिल्लं’) माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाच्या पाण्यात ठेवल्या, आणि 24 तासांत त्यांना क्लोन फुटू लागले. म्हणजे मासा ‘दिसला’ नाही; या अळीला डोळेच नसतात. पाण्यातलं रसायन कळलं, एवढंच.

आणि अमर? छे! क्लोन आणि मूळ अळी, दोन्ही नेहमीपेक्षा लहान राहतात. मासे नजरेनं शिकार हेरतात, त्यामुळे बारीक अळी सुटण्याची शक्यता वाढते, असा संशोधकांचा अंदाज. पण सुटली तरी ती मरणारच, कधीतरी.

‘आईबापांशिवाय जन्म’ हेही चूक. पहिली अळी अंडं आणि शुक्राणूपासूनच होते. अलैंगिक भाग त्यानंतरचा. तारामाशांच्या अळ्याही असं करतात. सारगासो समुद्रातल्या (अटलांटिक महासागराचा एक भाग) अळ्यांची नोंद तर 1989 सालची आहे.